सागवानी थोरली, फायबरची धाकटी

बाबांची नाव फोडायला चार माणसांना अख्खी दुपार लागली. माझी असती तर चहा उकळेपर्यंत आटोपलं असतं.

कुऱ्हाड सागवानात रुतून बसायची. मग एक जण फळीला पाय लावून दांडा उपसायचा, दुसरा त्याला शिव्या घालायचा, आणि पुन्हा घाव. आम्ही नदीच्या पल्याड बाभळींच्या आडोशाला, माझ्या नावेत होतो. तिथून घाव आधी दिसायचा आणि आवाज मागून यायचा. मी लातूरला बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. उजेड आणि आवाज यांच्या वेगातला हा फरक फळ्यावर किती वेळा समजावून सांगितला असेल. त्या दिवशी तो डोळ्यांसमोर चालला होता. बाबा केबिनमध्ये आडवे होते. खांद्याचं हाड मोडलेलं, बरगड्या गेलेल्या. त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं, पण दर आवाजाला ते सांगत होते, "हा डेकवर पडला. हा बाजूच्या फळीवर. हा बी फळीवरच."

मी म्हटलं, "बाबा, गप पडा."

"आता डोलकाठीच्या बुडाला लागले बघ," ते म्हणाले.

बाबा नायगाव तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका खेड्यातले. आजोबांच्या काळी गावच्या घाटावर आमच्या लोकांना उतरू देत नसत. खालच्या अंगाला, म्हशी बसायच्या तिथलं गढूळ पाणी आमच्या वाट्याचं. त्याच नदीत बाबा चोरून पोहायला शिकले, पकडले गेले तेव्हा ओल्या अंगावर मार खाल्ला, आणि वयात आल्या आल्या नौदलात भरती झाले. तिथं त्यांना शिडाच्या नावांवर घेतलं. निम्मी नोकरी त्यांनी शिडाचे दोर ओढण्यात काढली. निवृत्तीनंतर नांदेडला घर बांधलं तेव्हा आईला वाटलं, आता हे विहारात जाऊन बसतील, नातवंडांना गोष्टी सांगतील. त्यांनी कोकणच्या एका खाडीत चिखलात पडलेली जुनी नाव हुडकून काढली.

ती आमची थोरली. तीस फूट लांब, सागवानी, तांब्याच्या खिळ्यांनी ठोकलेली. बाबांच्या जन्माआधी कुण्या हौशी माणसानं ती लांबच्या सफरीसाठी बांधून घेतली होती. आत चार माणसं झोपतील एवढी केबिन, स्टोव्ह ठेवायला झुलता कट्टा, आणि तळाला शिशाचा जड कणा, पाण्यात पाच फूट खोल जाणारा. ट्रकवर उलट्या-सुलट्या दोरांनी बांधून तिला आणली तेव्हा वाटेत लोकांनी नारळ फोडले म्हणे. कसली तरी मिरवणूक आहे असं त्यांना वाटलं असावं.

पण मराठवाड्याचं ऊन लाकडाला मानवत नाही. परवानग्यांच्या खेपा घालता घालता होळी गेली आणि अंगणात उभ्या थोरलीच्या फळ्या आकसल्या. फटींतून माझं बोट आरपार जायचं. बाबा तिला ओल्या पोत्यांनी झाकायचे, सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे. आई ओरडायची, "माणसाला न्हाई पाणी अन् ह्यांची लाकडाला आंघोळ चाललीय!" शेवटी क्रेननं तिला गोदेवरच्या धरणामागच्या पाण्यात सोडली, आणि ती सगळ्या फटींतून पाणी पीत पीत डेकपर्यंत बुडाली. काठावर जमलेली माणसं हसली. बाबा आत छातीएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि म्हणाले, "पिऊ द्या तिला." फळ्या फुगल्या, फटी मिटल्या, मग पंप लावून पाणी उपसलं. त्यानंतर थोरली कधी थेंबभरही गळली नाही.

धाकटी माझी. हैदराबादच्या तलावावर शिडाच्या नावांच्या शर्यती होतात. तिथल्या एका गृहस्थानं ही वापरून विकायला काढली होती. वीस फूट, पांढरी फायबरची. थोरलीच्या मानानं कालच जन्मलेली. आतली केबिन म्हणजे कपाटाचा खालचा कप्पा. दोघांनी झोपायचं तर एकानं कूस बदलताना दुसऱ्याला सांगावं लागायचं. पण तिचा कणा वर ओढून घेता यायचा. चरक फिरवला की खालची लोखंडी पात पोटात जायची आणि धाकटी गुडघाभर पाण्यातही चालायची. गाडीला मागं जोडून मी ती बिदर, उदगीरवरून आणली. शिरूर अनंतपाळच्या अलीकडं ट्रेलरचं चाक बसलं तेव्हा पंक्चर काढणाऱ्या चाचांनी तिच्याभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "ताई, टाकी हाय का? लई मोठी घेतली. कित्ते लिटर?" लातुरात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. त्या गावात फायबरची एवढी मोठी वस्तू टाकीशिवाय दुसरी काय असणार?

बाबांनी तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक केली. "प्लास्टिकची बादली," ते म्हणाले.

"तुमचं पडकं माळवद," मी म्हणाले.

हे भांडण आमच्याकडं चालूच राहिलं. आई कंटाळून आतल्या खोलीत जायची. माझं म्हणणं, जी नाव उन्हानं फाटते, जिला वळायला अर्धी नदी लागते, ती इथं काय कामाची? बाबांचं म्हणणं, जिचं वजनच नाही ती वाऱ्याच्या थपडेला काय तोंड देणार? शेवटी ठरलं, दोन्ही नावा घेऊन वरच्या अंगाला जायचं, चार-पाच मुक्काम करायचे, आणि बघायचं. माझे क्लास मे महिन्यात सुटतात, म्हणून मे ठरला. पाणी तेव्हा उतरलेलं असतं. बाबांना ते पसंत नव्हतं, पण माझ्या सुटीसाठी त्यांनी ते मानलं.

पहिल्या दिवशी वादळानं निकाल बाबांच्या बाजूनं दिला.

दुपारी वारा अचानक बसला. शिडं लोंबकळली. नैऋत्येला आभाळ काळं नव्हतं, तांबडं होतं, नांगरटीच्या मातीनं भरलेलं. थोरलीवरून बाबा ओरडले, "शीड उतरव! आत्ता!" मी दोर सोडायला उठले तोवर वाऱ्यानं मला गाठलं. धाकटी एका धक्क्यात आडवी झाली. डोलकाठी पाण्यावर आपटली, शिडाखालची आडवी काठी फिरून आली आणि माझ्या कपाळावर बसली. मी पाण्यात होते. डोळ्यात रक्त, तोंडात माती. गारा पडायला लागल्या होत्या, पाठीवर कुणी मुठीनं खडे मारावेत तशा. धाकटी आपल्या कण्याच्या वजनानं उठली, आणि उठता उठता मला ओढून तिनं पुन्हा अंग टाकलं. दोर माझ्या पायाला गुंडाळला होता. दोन वेळा मी पाण्याखाली गेले. दुसऱ्या वेळी मला वाटलं, लातूरच्या बाईनं पाण्यात मरायचं, लोक काय म्हणतील.

तेव्हा थोरली आली. ती वाऱ्यात नुसती खांदा खाली घालून चालत होती, भरल्या बैलगाडीसारखी. बाबांनी तिला माझ्या वाऱ्याकडच्या अंगाला आणून उभी केली. तिच्या आडोशाला वारा तुटला, धाकटी सरळ झाली, आणि बाबांनी माझ्या कॉलरला धरून मला ओढून वर घेतलं. माझं कपाळ पुसायच्या आधी ते म्हणाले, "बादली!"

मी त्यांच्या हाताला चावायचीच बाकी होते.

संध्याकाळी एका वस्तीवरच्या डॉक्टरांनी कपाळाला टाके घातले. बाबांना मी म्हटलं, परत जाऊ. ते म्हणाले, "आज तू पडलीस म्हणून? उद्या मी पडंल."

दुसऱ्या दिवशी सकाळ स्वच्छ होती, वारा हलका. नदीचं वळण घेतलं आणि इंजिनांचा आवाज आला. पुढं पात्रात वाळू उपसणाऱ्या बोटी होत्या. लोखंडी पिंपांवर फळ्या टाकलेल्या, मधोमध मोठं डिझेल इंजिन, आणि तळातली वाळू पाण्यासकट ओढून काठावर फेकणारे जाड पाइप. काठावर टिप्पर रांगेनं उभे. हा धंदा सगळ्यांना माहीत आहे. मुद्दाम तिकडं कुणी बघत नाही. आम्हीही खाली मान घालून जाणार होतो.

त्यांची एक बोट तारेच्या दोरानं पल्याडच्या काठाला बांधलेली होती. दोर पाण्याखाली होता, दिसत नव्हता. पाणी उथळ लागेल म्हणून मी कणा वर घेतला होता, त्यामुळं धाकटी त्याच्यावरून सरकून गेली. थोरलीचा पाच फुटी कणा त्यात अडकला. सगळ्या वजनानिशी तिनं तो दोर ओढला, वाळूची बोट गर्रकन फिरली, आणि तिचा पाइप जोडातून तुटला. वाळूचा फवारा माणसांच्या अंगावर उडाला. एक जण पाण्यात पडला. थोरली त्याच दोराच्या ओढीनं वाळूच्या बेटावर चढली आणि एका कुशीवर कलंडून बसली.

मी पुढं निघून गेले होते. मागं वळून बघितलं तर पाच माणसं फावडी आणि पहारी घेऊन दुसऱ्या बोटीतून थोरलीकडं निघाली होती.

बाबांनी नौदलाची जुनी टोपी घातली होती. त्या टोपीनं घात केला.

"कोणत्या खात्याचा?" पुढच्यानं विचारलं. पाण्यावरून शब्द स्वच्छ ऐकू येत होते.

"कोणत्याच न्हाई. रिटायर माणूस हाय. तुमचा पाइप भरून देतो."

"फोटो काढले का?"

"न्हाई."

त्यानं टोपी उचलून पाण्यात फेकली. "गाव कंचं?"

बाबांनी गाव सांगितलं. त्यानं वस्ती विचारली. बाबांनी तीही सांगितली, मान ताठ ठेवून. तो माणूस हसला.

"मग तर लईच हिंमत झाली की रे तुझी. नदीत बंगला घिऊन हिंडायलास?"

आणि त्यानं बाबांच्या मुस्काटात मारली.

बाबा सत्तरीला टेकलेले. त्यांनी उलटून त्याच्या नाकावर ठोसा मारला. मला तो ठोसा दिसला आणि एक क्षण आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू? मग फावडी वर झाली. पहिलं त्यांच्या खांद्यावर बसलं. बाबांच्या तोंडून निघालेला आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. ते गुडघ्यावर आले. मग बरगड्यांवर लाथा.

"जा!" ते मला ओरडत होते. "बाई, जा तू!"

मी धाकटी फिरवली. ती जागच्या जागी फिरते, थोरलीला ते जन्मात जमलं नसतं. कणा पूर्ण वर ओढला, शीड मोकळं सोडलं, आणि वाऱ्याला पाठ देऊन सरळ त्या बेटावर घातली. धाकटीचं टोक त्यांच्या बोटीवर आपटलं तेव्हा उभे होते त्यातले दोघं खाली पडले. माझ्या हातात चरकाचं हँडल होतं, हातभर लांबीचं, भरीव लोखंडाचं. उडी मारून मी थोरलीवर चढले. एकानं बाबांवर फावडं उगारलं होतं. मी त्याच्या हातावर मारलं. कोपरावर. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज आला आणि त्याचा हात भलत्याच दिशेला वाकला. तो किंचाळला. मी पुन्हा मारलं, कुठं लागलं माहीत नाही.

"बाई हाय रे! बाई हाय!" कुणीतरी ओरडलं.

त्या एका क्षणात ते थबकले. बाई म्हणून थबकले की माझं कपाळ टाके उसवून रक्तानं भरलं होतं म्हणून, कोण जाणे. तेवढ्यात बाबा कलंडलेल्या डेकवरून घरंगळले आणि पाण्यात पडले. मी त्यांच्यामागं उडी टाकली, काखेत हात घालून त्यांना धाकटीवर ढकललं. त्यांनी दात आवळून स्वतःला वर ओढलं. मी बेटाला पाय लावून नाव लोटली.

त्यांनी पाठलाग केला. पण त्यांच्या बोटीत इंजिनाचं वजन होतं. ती उथळ पाण्यात रुतली आणि आम्ही वाळू खरवडत पलीकडं निसटलो. थोरली तिथून निघूच शकली नसती. त्यातल्या एकानं रागानं फावडं फेकून मारलं. ते धाकटीच्या अंगात पापडात घुसावं तसं आरपार घुसलं. पाणी आत यायला लागलं. मी गादी गुंडाळून भोकात कोंबली आणि तिच्यावर पाय देऊन उभी राहिले.

बाभळींच्या आड पोहोचेतो वारा पडला. धाकटीच्या मागच्या छोट्या इंजिनाच्या पंख्यात जलपर्णी गुंतली होती, ते सुरू होईना. मोबाइलला रेंज नव्हती. त्यांनी आमचा नाद सोडला होता. मोडक्या हाताच्या माणसाला त्यांनी काठावर नेऊन झाडाखाली बसवलं, आणि उरलेले चौघं कुऱ्हाडी घेऊन थोरलीवर तुटून पडले.

ती दुपार मी सांगितलीच आहे. कुऱ्हाडींनी भागेना तेव्हा त्यांनी डिझेल ओतून काडी लावली. धूर सरळ वर गेला. मला बाबांच्या चेहऱ्याकडं फार वेळ बघवलं नाही. ते छताकडं बघत होते. त्या छताला हात सहज पुरायचा, धाकटीचं छत आहेच तेवढं.

उन्हं कलताना थर्माकोलच्या तराफ्यावर मासे धरणारं एक जोडपं आलं. त्यांनी काही विचारलं नाही. धूर सगळ्यांना दिसला होता. नवऱ्यानं आमचा दोर तराफ्याला बांधला, बायकोनं आपला पदर भिजवून बाबांच्या तोंडावर ठेवला. त्यांच्या गावातून जीपनं आम्ही नांदेडला गेलो.

दवाखान्यात बाबांच्या खांद्यात धातूची पट्टी टाकली. मी तक्रार दिली, ती पोलिसांनी लिहून घेतली. तिसऱ्या दिवशी वॉर्डात मी बाबांचा डबा उघडत होते, तर दोन खाटा सोडून पलीकडं बसलेली एक बाई आमच्या उशाशी आईनं ठेवलेल्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघत म्हणाली, "जयभीम, ताई." मी जयभीम केला. मग तिच्या खाटेवरच्या माणसाकडं बघितलं. उजवा हात प्लास्टरमध्ये टांगलेला. त्यानं मला ओळखलं. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

बाईला अजून काही माहीत नव्हतं. ती सांगत होती, "आमचे हे टॅक्टरवरून पडले. कोपराचा पार भुगा झालाय. उजवा हात हाय, ताई. आता काय करावं?"

मला त्याची कीव आली नाही. हे लिहितानाही येत नाही. पण तिच्यासमोर माझ्या हातातली पोळी मला तोडता येईना.

बाबांनी त्याला माझ्या आधी ओळखलं होतं. पहिल्या दिवसापासून ते त्याच्यावर डोळा ठेवून होते, मला बोलले नव्हते. त्या दुपारी त्याची बायको पाणी आणायला गेली आणि बाबा उठले. सलाईनचा लोखंडी स्टँड त्यांनी डाव्या हातात धरला होता. मला वाटलं, टेकू म्हणून धरलाय. ते त्याच्या खाटेपाशी गेले आणि त्यांनी तो स्टँड उचलला.

"बाबा!" मी ओरडले. सगळा वॉर्ड वळला.

तो माणूस हलला नाही. हलता येतच नव्हतं. तो वर बघत म्हणाला, "मारा. मारून मोकळे व्हा."

"आपल्यातला असून?" बाबांचा आवाज फाटला होता. "आपल्यातला असून हात उचललास?"

"आपल्यातल्याला पोट न्हाई का, काका?" तो म्हणाला. "मुकादम मारा म्हनला की मारावं लागतंय. न्हाई मारलं तर दुसऱ्या दिशी म्याच वाळूखाली."

बाबांनी स्टँड खाली घेतला नाही. मी तो धरला होता, पण मला तो काढून घेता आला नसता. त्यांच्या डाव्या हातात अजून तेवढी ताकद होती. मग त्यांनी भलताच प्रश्न विचारला.

"तू झाडाखाली बसला व्हतास. कशी फुटली ती?"

त्या माणसाला कळेना. मग कळलं. तो म्हणाला, "फुटंनाच की. फळी तुटली की आत आणिक लाकूड. कुऱ्हाडीचा दांडा मोडला एकाचा. शेवटाला डिझेल वतलं तरी लवकर पेट घेईना. आमचा मुकादम म्हनला, कंच्या आईनं बांधलीय ही."

बाबा हसले. बरगड्यांनी त्यांना हसू दिलं नाही, ते कळवळून खाली बसले, त्याच्याच खाटेच्या कडेवर. दोघांपैकी कुणाला आधी शिव्या द्याव्यात ते मला कळेना. त्याची बायको तांब्या घेऊन परतली तेव्हा तिला वाटलं, दोन पेशंट गप्पा मारतायत. तिनं बाबांनाही पाणी दिलं. बाबा ते प्यायले.

त्यानं आमच्या बाजूनं साक्ष दिली नाही. विरुद्धही दिली नाही. पोलिसांना तो अखेरपर्यंत ट्रॅक्टरच सांगत राहिला. बाबा घरी आले, आणि एका सकाळी माझ्या लातूरच्या घराच्या खिडकीतून दगड आला. क्लासमधल्या मुलींनी काचा उचलल्या. तक्रार मागं घे, असा फोन दोनदा आला. मी घेतली नाही. आई म्हणाली, "आता तरी दोघं बास करा." मी धाकटीचं भोक बुजवायला घेतलं. फायबरचं कापड आणि राळ, थरावर थर. चार दिवसांत ती होती तशी झाली, फक्त तेवढी जागा किंचित पिवळी. थोरली आधी कधी अशी मोडली असती तर तसं लाकूड आणि तसा सुतार कुठून आणला असता, असं मी बाबांना म्हणाले. ते म्हणाले, "म्हणूनच ती मोडत नव्हती."

पावसाळा तोंडावर आला तेव्हा तहसीलचं पथक नदीवर उतरलं. त्या वळणावरच्या बोटी त्यांनी धरल्या. अशा बोटी जिलेटिन लावून तिथंच उडवतात, म्हणजे पुन्हा वापरता येत नाहीत. जागा दाखवायला त्यांनी बाबांना बोलावलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, एका बाहीत हात जात नव्हता म्हणून आईनं ती बाही उसवून दिली. मला वाटलं, आज माणूस सुखानं झोपेल.

काठावर आम्हाला लांब उभं केलं. बेटावर थोरलीच्या कण्याचं शिसं नव्हतं, ते कुणीतरी कधीच नेलं होतं. काळी पडलेली दोन आडवी लाकडं तेवढी चिखलात होती. बाबांनी तिकडं एकदा बघितलं. पथकातल्या माणसानं शिटी वाजवली. पहिली बोट उडाली. पिंपं हवेत गेली, इंजिन पाण्यावर आदळलं, मग धमाका छातीत येऊन बसला. काठावरची माणसं ओरडली, काहींनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या. दातओठ खाऊन, जोरजोरानं. दुसरी उडाली. तिचा एक तुकडा आमच्या पुढ्यात येऊन पडला आणि गवत पेटलं.

तिसऱ्या बोटीची पाळी आली तेव्हा मी बाबांकडं वळले तर ते नव्हते. ते मागं, जीपपाशी, नदीकडं पाठ करून उभे होते. शिटी वाजली तसे त्यांनी खांदे आवळले, मोडका खांदासुद्धा.

"बघा की," मी म्हटलं. "ह्याच बोटीतून आले होते ते."

"बघवंना," ते म्हणाले. "तरंगणारी वस्तू हाय ती बी."

मला राग आला. ज्यांनी त्यांना गुरासारखं मारलं त्यांच्या लोखंडी पिंपांसाठी ह्यांचा जीव तुटतो, आणि माझ्या कपाळावर आडवा वण राहिलाय त्याचं काय? अजूनही मला वाटतं, त्या दिवशी माझंच बरोबर होतं. त्यांना कधी तसं वाटलं नाही.

श्रावणात ते लातूरला माझ्याकडं राहायला आले. मांजरेचं धरण भरलं होतं. एका रविवारी मी ट्रेलर जोडला आणि ते गाडीत येऊन बसले. पाण्यावर वारा चांगला होता, खरं तर जास्तच. सुकाणू मी धरलं होतं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "आण इकडं."

उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. त्यांनी डाव्या हातानं सुकाणू धरलं. थोरलीच्या सवयीनं ते ताकद लावून ओढलं, आणि धाकटी तडकाफडकी फिरली, कलली, पाणी कडेवरून आत आलं. मी दोर सोडला आणि ओरडले, "हलक्या हातानं! बोटांनी धरा! किती वेळा सांगू?"

"मला शिकवतीस?"

"हाव, शिकवते!"

त्यांनी नौदलातली एक लांबलचक हिंदी शिवी धाकटीला, मला आणि वाऱ्याला मिळून दिली. पुन्हा झुळूक आली. या वेळी त्यांनी मूठ सैल केली, नुसती बोटं ठेवली. धाकटी कलून थांबली आणि धावायला लागली, थोरली आयुष्यात कधी धावली नसेल एवढ्या वेगानं. पाण्याचे सपकारे त्यांच्या तोंडावर बसत होते. ते तोंड पुसत नव्हते. डावा हात मोकळाच नव्हता.

"कण्याचा चरक कुरकुरतोय," बराच वेळ गेल्यावर ते म्हणाले. "ग्रीस हाय का?"

डिकीत होतं. काठाला लागल्यावर त्यांनी ते स्वतः लावलं, एका हातानं, आणि मला हात लावू दिला नाही.